पुढच्या रांगेतला टॉवेल

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे. खरं तर होतो असंच म्हणायला हवं. माझ्या एका कोपऱ्याला आता कात्री लागली आहे आणि इथली माणसं मला फडकं म्हणतात. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. फडकं झाल्यापासून मला निदान रोज काम तरी असतं. त्याआधी मी समुद्रकाठच्या याच भल्यामोठ्या, आलिशान रिसॉर्टमध्ये पांढराशुभ्र, गुबगुबीत टॉवेल होतो. लोक मला गालाला लावून बघत आणि वा वा करत. पण त्या दिवसांची आठवण झाली की मला अजूनही किळस येते.

किळस कशाची, ते सांगतो. जरा सावकाश सांगेन. म्हाताऱ्या कापडाला घाई जमत नाही.

तुमच्यासारखाच मीही लहान होतो, कापसाच्या बोंडात. मग मला पिंजलं, कातलं, मागावर चढवलं. माझ्या अंगावर सुताची बारीक बारीक वेटोळी उमटली. ती पाणी टिपण्यासाठी असतात. कारखान्यात एक बाई प्रत्येक टॉवेल दिव्याखाली धरून तपासायची. तिने माझ्यावरून हात फिरवला आणि शेजारणीला म्हणाली, "हा बघ कसा उतरलाय. एखादं पोर आंघोळ करून कुडकुडत आलं ना, की याच्यात गुंडाळून टाकावं."

झालं. तेच वाक्य उराशी धरून मी कारखान्यातून निघालो. वाटेत गठ्ठ्यात दाबला गेलो होतो, पण मनात एकच चित्र होतं. ओलं, दात वाजवणारं एखादं पोर आणि त्याला गुंडाळून घेतलेला मी.

रिसॉर्ट काय थाटाचं होतं म्हणून सांगू. फरशी अशी की चालणाऱ्याला आपलंच तोंड पायाखाली दिसावं. समोर अख्खा समुद्र पसरलेला, तरी त्याच्या काठावर पोहण्याचे तीन तलाव खणलेले. समुद्र असताना तलाव कशाला, हे मला अजूनही कळलेलं नाही. आणि वारा सुटलेला असताना खिडक्या घट्ट बंद करून आत थंड हवेचं यंत्र का लावायचं, तेही नाही.

सुरुवातीला माझी नेमणूक खोल्यांमध्ये होती. खोली आवरणाऱ्या ताईला टॉवेलचा हंस करायला शिकवलं होतं. ती माझी मान मुरगळायची, पंख दुमडायची आणि दुसऱ्या टॉवेलच्या चोचीला माझी चोच लावून आम्हाला पलंगावर बसवायची. बिचारीच्या एका खोलीचा निम्मा वेळ या हंसांत जायचा. पाहुणे आले की आमचा फोटो काढत. फोटो काढून झाला की पलंगावर अंग टाकत, आणि हंस जमिनीवर.

न्हाणीघरात एक सुबक पाटी होती. पाणी वाचवा, पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर अडकवा, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. पाहुणे ती पाटी मोठ्यांदा वाचत. "किती छान विचार आहे, नाही?" असं एकमेकांना म्हणत. आणि हात पुसून मला खाली फेकत. एका बाईंनी माझ्याने ओठांचा रंग पुसला. त्यांच्या यजमानांनी त्याच माझ्याने बूट चकचकीत केले. एकाने केसांचा कलप माझ्यावर निथळवला. एका कुटुंबाने सांडलेल्या मोहरीच्या चटणीवर मला टाकलं आणि वरून पायाने दाबलं, बाजूला कागदी रुमालांचा ढीग असताना. ज्या अंगाने कुडकुडणारं पोर गुंडाळायचं, त्या अंगाला मोहरीच्या चटणीचा वास. मला ओकारी येत असती तर रोज आली असती.

या घाणीतून सुटका म्हणजे लाँड्री. ती रिसॉर्टच्या पाठीमागे होती, पाहुण्यांना दिसणार नाही अशी. तिथे एक काका मोठमोठ्या मशिनांत आम्हाला उकळत्या पाण्यात घुसळून काढत. मी पुन्हा पांढरा होत असे. पण मशिनातून निघालेलं ते करडं, फेसाळ पाणी एका पाइपातून कुठे जातं, ते मला खिडकीतून दिसायचं. खडकांच्या मागे, त्याच समुद्रात. पुढच्या बाजूला पाहुणे म्हणत, "पाणी बघा किती निळंशार आहे." मागे त्या निळ्याशार पाण्यावर त्यांच्याच कलपाचा आणि चटणीचा फेस तरंगत असायचा. पुढून देखणं आणि मागून ओंगळ, असं ते घर होतं.

उकळून उकळून माझ्या कडा जराशा पिवळ्या पडल्या, तशी माझी बदली किनाऱ्यावर झाली. मी मनातून हरखलो. म्हटलं, चला, आता तरी ओली पोरं भेटतील. पण मित्रांनो, तिथे मला जे काम मिळालं, त्यापुढे बूट पुसणंही बरं म्हणायची वेळ आली.

ते काम म्हणजे जागा धरणं.

किनाऱ्यावर लांबलचक आरामखुर्च्यांच्या रांगा होत्या. समुद्राला लागून असलेल्या पहिल्या रांगेवर मोठ्या छत्र्या होत्या. त्या सावलीतून समुद्र सगळ्यात छान दिसतो, म्हणून ती रांग सगळ्यांना हवी. मग पाहुणे काय करत? उजाडता उजाडता डोळे चोळत येत, फाटकाजवळच्या ढिगातून टॉवेल उचलत, खुर्च्यांवर पसरत आणि परत जाऊन झोपत. टॉवेल उडू नये म्हणून त्यावर खोलीत फुकट मिळणारं रिसॉर्टचं मासिक ठेवत. प्रत्येक खोलीत तेच मासिक, त्यावर तीच हसणारी बाई. सूर्य वर येईपर्यंत सगळी रांग भरलेली असायची आणि रांगेत माणूस एकही नसायचा.

मी दिवसच्या दिवस असे बसून काढले. समोर पोरं पाण्यातून ओलीचिंब बाहेर येत, कुडकुडत इकडेतिकडे बघत, आणि मी कोरडा ठणठणीत खुर्चीवर लोळत पडलेला. माझ्या पोटावर ती कागदी बाई हसत असायची. कधी मालक दुपारी उगवत, कधी उगवतच नसत. संध्याकाळी मला उचलून पुन्हा उकळत्या पाण्यात टाकत. कुणाचं अंग पुसलेलं नसताना.

तिथे टॉवेल देणाऱ्या एक मावशी होत्या. सगळे त्यांना टॉवेलमावशी म्हणत. त्यांचा साहेब सदा गळ्यात टाय बांधून वाळूत फिरायचा, म्हणून त्याचं नाव टायसाहेब. टायसाहेबाने मावशींना एक नियम पाठ करायला लावला होता. "ज्या खुर्चीवर टॉवेल आहे, तिथे पाहुणा बसलेला आहे असं समजायचं. टॉवेलला हात लावायचा नाही."

मावशी एकदा म्हणाल्या होत्या, "साहेब, पाहुणा नसतो हो तिथे. नुसता टॉवेल असतो."

"तक्रार टॉवेल करत नाही मावशी, पाहुणा करतो," टायसाहेब म्हणाला होता.

आता ज्या दिवसाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे, तो दिवस ऐका.

त्या दिवशी पहाटे एक पोट सुटलेले गृहस्थ सपाता फटफटवत आले. काखेत चार टॉवेल, त्यांतला एक मी. त्यांनी पहिल्या रांगेतल्या मधल्या चार खुर्च्या पटकावल्या. माझ्यावर मासिक ठेवलं आणि मोठ्ठी जांभई दिली. मागून येणाऱ्या दुसऱ्या एका गृहस्थांना ते मोठ्या अभिमानाने म्हणाले, "उशीर केलात. इथे झोपणाऱ्याला सावली मिळत नाही." आणि स्वतः झोपायला निघून गेले.

ऊन चांगलं चढल्यावर एक आजी हळूहळू काठी टेकत आल्या. खांद्याला कापडी पिशवी, डोक्यावर रुमाल. समुद्र दिसताच त्या थांबल्या. बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग रांगेकडे वळल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवून मावशींच्या काउंटरपाशी गेल्या.

"काय गं, या सगळ्या खुर्च्यांवर कोण बसलंय?"

"टॉवेल बसलेत, आजी."

"ते दिसतंय मला. माणसं कुठायत?"

"येतील. भूक लागली की उठतील, उठली की येतील."

आजी हसल्या. "माझा मुलगा म्हणाला, आई, पुढच्या रांगेत आपल्या चार खुर्च्या धरून ठेवल्यात, जाऊन बस, आम्ही आलोच. सूनबाई मालिशला गेलीय, नात खेळायला गेलीय आणि हा कुठल्याशा वाफेच्या खोलीत जाऊन बसलाय. घरी स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभा राहत नाही उकडतं म्हणून, आणि इथे वाफ घेतोय. तर आमच्या खुर्च्या कुठल्या त्यातल्या?"

मावशींनी रांगेकडे पाहिलं. सगळ्या खुर्च्या सारख्या, सगळे टॉवेल सारखे, सगळ्यांवर तीच हसणारी बाई.

"ते नाही सांगता यायचं हो, आजी. पहाटे मी नसते. टॉवेल टाकून गेलेला माणूस परत आला की तोच सांगतो, ही माझी."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो. इथे या, आजी, इथे. मधली खुर्ची तुमची आहे. पहाटे चार खुर्च्या धरणाऱ्या तुमच्याच मुलाने मला इथे टाकलंय. पण टॉवेलचं ऐकतं कोण? मी आपला गप्प पडून राहिलो.

आजी रांगेतून चालत आल्या आणि नेमक्या माझ्यापाशी थांबल्या. एक हात माझ्यावर ठेवला. त्यांच्या बोटांची कातडी पातळ आणि कोरडी होती. मला वाटलं, आता मासिक बाजूला करतील, मला जरा सरकवतील आणि टेकतील. क्षणभर त्या थांबल्याही. मग त्यांनी हात काढून घेतला.

"बसा की, आजी," मावशी मागून हळूच म्हणाल्या. "कुणी आलंच तर उठा."

"नको गं बाई. दुसऱ्याची असली म्हणजे? तो बिचारा येईल आणि उभा राहील." आजींनी रुमाल सारखा केला. "उभा जन्म मी बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत काढला. काचेतून हेच ओरडत आले, रांग मोडू नका, दुसऱ्याच्या जागेवर बसू नका. आता म्हातारपणी मीच बसू होय?"

"अहो, पण ती खिडकी वेगळी."

"खिडकी वेगळी, माणसं तीच."

मावशींनी काउंटरवरून खोलीला फोन लावून पाहिला. खोलीत कोणी नव्हतं. मुलाचा फोन त्याच्या पिशवीत आणि पिशवी वाफेच्या खोलीबाहेरच्या कपाटात. "परत खोलीत जाऊन पडता का?" मावशींनी विचारलं. पण खोलीची किल्ली सूनबाईंकडे होती. शिवाय आजींचं म्हणणं असं की आलोच म्हणालाय, मी इथून हलले तर उगाच चुकामूक होईल.

मग मावशींनी काउंटरमागचं स्वतःचं स्टूल आणलं. भिंतीलगत सावलीची एक चिंचोळी पट्टी होती, तिथे ठेवलं. आजी बसल्या, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आणि दोघींच्या गप्पा रंगल्या. आजी बसस्थानकावरच्या गमती सांगत होत्या. सुट्टे नसणारी गिऱ्हाइकं, कुठे जायचंय हेच विसरलेले आजोबा, खिडकीत डोकं अडकवून बसलेलं एक पोर. मी ऐकत होतो. खूप दिवसांनी त्या किनाऱ्यावर काहीतरी ऐकण्याजोगं चाललं होतं.

तेवढ्यात टायसाहेब आला.

"मावशी, हे स्टूल इथे कुणी आणलं? किनाऱ्याचे फोटो काढायला माणसं आलीत. फोटोत हे दिसणार."

"पाहुण्या आहेत, साहेब. जागा नाहीये."

टायसाहेबाने लगेच चेहरा बदलला. "मॅडम, आपण आत रेस्टॉरंटमध्ये बसा ना. मस्त गार आहे."

"सकाळपासून गार हवाच खातेय मी. जरा समुद्र बघायचाय," आजी म्हणाल्या. "माझ्या खुर्च्या इथेच आहेत हो. कुठल्या, तेवढं कळत नाहीये. तुम्ही मोठे साहेब दिसता. एखादा टॉवेल जरा बाजूला करून दिलात तर माझा मुलगा येईपर्यंत बसते."

"तसा नियम नाही, मॅडम. सगळ्या जागा भरलेल्या आहेत."

आजींनी वळून त्या ओस पडलेल्या रांगेकडे पाहिलं. मग टायसाहेबाकडे पाहिलं. काठी टेकून उठल्या आणि स्टूल स्वतःच मावशींच्या हातात दिलं. "घे गं. तुझ्या मागे कटकट नको."

आणि त्या माझ्याजवळच्या ठेंगण्या कठड्यावर येऊन बसल्या. उन्हात. छत्रीची सावली माझ्यावर पडली होती. ती त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अलीकडे संपत होती. त्या वीतभर अंतरापलीकडे एक म्हातारं माणूस तापत होतं आणि अलीकडे सावलीत एक मासिक झोपलं होतं. मला माझ्या पांढऱ्या रंगाची तेव्हा जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

लोक येत होते, जात होते. अंगाला तेल चोपडलेलं एक जोडपं आलं, त्यांनी आजींना जरा सरकायला सांगितलं आणि समुद्राबरोबर आपला फोटो काढला. एक माणूस शेजारच्या खुर्चीवर बसला, बशीतला केक अर्धा खाल्ला, उरलेला टॉवेलवरच उलटा करून ठेवला आणि पोहायला गेला. केकवर माशा जमल्या. पण जागा त्याची होती, कारण टॉवेल त्याचा होता.

आजींची बाटली संपली. मावशी मधूनच पाणी भरून देत होत्या, पण काउंटरवर टॉवेल घेणाऱ्यांची झुंबड उडाली आणि त्यांना हलता येईना. आजींचा चेहरा आधी लाल झाला. मग पांढुरका झाला, माझ्यासारखा. त्यांनी कपाळ टिपलं आणि पुटपुटल्या, "आलोच म्हणाला होता." त्या उठायला गेल्या. काठी वाळूत रुतली आणि त्या पुढे कोसळल्या. माझ्याच खुर्चीच्या लाकडी हातावर त्यांचं कपाळ आपटलं.

मावशी काउंटर टाकून धावल्या. त्यांनी मासिक भिरकावलं, मला एका हिसक्यात ओढलं, आजींना उचलून खुर्चीवर, त्या सावलीत आडवं केलं आणि मला गच्च धरून कपाळावर दाबलं. माझ्यात ऊन ऊन रक्त झिरपलं. टायसाहेब पळत आला. "मावशी, टॉवेल—" एवढं बोलून तो थबकला.

"डॉक्टरांना बोलवा, साहेब," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "टॉवेलचं नंतर बघू."

डॉक्टर यायच्या आधी आजींचा मुलगा आला. वाफेने गुलाबी झालेला, हातात फळांच्या रसाचा उंच पेला. आजींच्या भोवती माणसं वाकलेली होती, त्यामुळे त्याला दिसले ते फक्त खुर्चीवरचे दोन पाय. तो लांबूनच म्हणाला,

"ओ, ती खुर्ची आमची आहे. टॉवेल कुणी काढला? पहाटे उठून जागा धरलीय मी. ज्याने काढला त्याचं नाव सांगा आधी."

मावशी फक्त बाजूला झाल्या.

त्याने आधी काठी पाहिली. मग पिशवी. मग आजींचं तोंड. हातातला पेला वाकडा झाला आणि रस वाळूत सांडत राहिला.

आजींनी डोळे किलकिले केले. क्षीण आवाजात म्हणाल्या, "बाळ्या, हीच का रे आपली?"

मित्रांनो, एवढंच त्या बोलल्या. रागावल्या नाहीत, टोमणा मारला नाही. त्यांना खरंच विचारायचं होतं. आणि तो पन्नाशीचा बाळ्या, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून सावली पटकावणारा, तिथेच वाळूत मटकन बसला.

डॉक्टर आले. त्यांनी कपाळाला टाके घातले, मीठसाखरेचं पाणी घोटघोट पाजलं आणि म्हणाले, उन्हाने भोवळ आली, वेळेवर सावलीत आणलं म्हणून निभावलं. डॉक्टर यायच्या आधीच नातही धावत आली होती. तिला घरात चिंगी म्हणत. पोहण्याच्या तलावातून सरळ आली होती, ओलीचिंब, ओठ निळे पडलेले. ती आजींना बिलगली. मावशींनी मला पाहिलं, माझी रक्त न लागलेली बाजू वर केली आणि चिंगीच्या खांद्यांभोवती गुंडाळली. एका बाजूने मी आजींच्या कपाळाला होतो आणि दुसऱ्या बाजूने कुडकुडणाऱ्या पोराभोवती. कारखान्यातल्या त्या बाईची मला फार आठवण झाली.

"आजी, तू टॉवेल बाजूला का नाही केलास?" चिंगीने विचारलं.

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाची जागा आहे."

"पण तिथे दुसरं कुणी नव्हतंच ना."

बाळ्याने वाळूत पडलेलं ते मासिक उचललं आणि पालथं ठेवलं.

मला लाँड्रीत टाकलं गेलं. त्या दिवशी टॉवेलांचा इतका डोंगर होता की काकांनी न बघताच मला उकळत्या पाण्यात ढकललं. उकळत्या पाण्याने रक्ताचा डाग कायमचा बसतो. मी बाहेर आलो तो अंगावर तळहाताएवढा तांबूस डाग घेऊन. काका हळहळले, कात्री घेतली आणि माझा कोपरा कापला. कोपरा कापलेला टॉवेल पाहुण्यांना द्यायचा नसतो, तो फडकं होतो. मी तिथेच पडून होतो, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं. मावशी गठ्ठा न्यायला आल्या होत्या.

"त्या आजी कशा आहेत हो?" काकांनी विचारलं.

"ठणठणीत. पण मुलाचं ऐका. आज पहाटे परत आला की टॉवेल घेऊन."

"काय सांगता?"

"चारही खुर्च्यांना लाल फिती बांधून गेला. मला चिठ्ठी ठेवली, आता आईला ओळखू येईल म्हणून."

काका कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हणजे शहाणा झाला म्हणायचा."

"त्याला वाटलं, चूक ओळखण्यात झाली. मग आजी आल्या, कपाळाला पट्टी बांधलेली. त्या खुर्च्यांपाशी उभ्या राहिल्या. एकेक फीत सोडली. टॉवेलांच्या घड्या घातल्या आणि माझ्या काउंटरवर आणून ठेवल्या. म्हणाल्या, हे घे गं, आम्हाला बसायचं होईल तेव्हा येऊ. जागा असली तर बसू. मुलगा मागून म्हणतोय, आई, अगं आत्ता जाईल ना जागा. तर म्हणाल्या, जाऊ दे की, जाण्यासाठीच असते ती. कुणीतरी बसेल."

"आणि मग?"

"मग एक अवघडलेली बाई आली नवऱ्याबरोबर, बिचारी कधीची उभी होती, ती बसली. आणि आजी नातीला घेऊन पाण्याच्या कडेला छत्री उघडून वाळूतच बसल्या. पाय पाण्यात. थोड्या वेळाने तो बाळ्याही खाली जाऊन बसला. आधी वाळू झटकत होता, मग त्याने झटकणं सोडलं."

काका हसले. "तुम्हाला काही बोलले नाहीत ना साहेब?"

मावशींनी गठ्ठा डोक्यावर घेतला. "बोलले तर. टॉवेल काढल्याबद्दल समज दिली. नियम तोच आहे म्हणाले." आणि जाता जाता त्यांनी मला उचललं. "हे फडकं मी नेते. माझ्या काउंटरला लागतं."

तेव्हापासून मी मावशींकडे आहे. हल्ली त्यांची पाळी पहाटेपासून असते; रोज त्या माझ्याने आरामखुर्च्या पुसतात, रात्रीचं दव आणि खारट चिकटा. मी पुसून पुढे सरकतो, तोच मागून नवे पांढरेशुभ्र टॉवेल येऊन पडतात आणि त्यांच्यावर ती कागदी बाई हसू लागते. त्यांना अजून मोठी स्वप्नं असतात. मी त्यांना काही सांगत नाही. मी आपला तापलेल्या कठड्यावर एखादं म्हातारं माणूस दिसतं का, ते बघत असतो.

बालमित्रांनो, तुम्ही शाळेच्या बाकावर दप्तर टाकता, खेळाच्या मैदानात पायरीवर चप्पल ठेवता आणि म्हणता, ही माझी जागा. ठेवा, पण मग तिथे येऊन बसा. येणार नसाल तर दप्तर उचला. त्या वेळी शेजारी कोण उभं आहे, ते तुम्हाला दिसत नाही. कदाचित ते तुमच्याच घरातलं माणूस असेल. नसलं, तरी कुणाच्यातरी घरातलं असेलच.

माझा डाग अजून तसाच आहे. आयुष्यात अंगावर पडलेल्या सगळ्या डागांत हा एकच असा, की ज्याची मला किळस येत नाही. मला खुशाल वापरा, पिळा, फाटेपर्यंत घासा. त्यासाठीच मी जन्मलो आहे. फक्त मला पुन्हा कधी माणसाच्या जागी बसवू नका.